मलावीचा मका आणि आपली तूर

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषयही लांबचा आहे, आपल्यापासून पाच-सहा हजार किलोमीटरवरचा. मलावी नावाच्या देशातला मका. तुम्ही म्हणाल, इथं सोयाबीनला भाव नाही, विम्याचे पैसे कुठं अडकलेत पत्ता नाही, आणि पत्रकार साहेब निघाले आफ्रिकेला. पण मंडळी, थोडा धीर धरून वाचा. हा मका फिरून आपल्या तुरीपर्यंतच येतो.

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला छोटा देश. समुद्रकिनारा नाही. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. बहुतेक कुटुंबं शेतीवर, आणि बहुतेकांची जमीन एक हेक्टरच्या आत, म्हणजे अडीच एकराच्या आत. पाऊस एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल. मुख्य पीक एकच, मका. आपल्याकडे मका म्हणजे कोंबड्यांचं खाद्य, स्टार्चचा कारखाना, आणि आता इथेनॉल. तिथं मका म्हणजे भाकरी. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला न्सिमा म्हणतात. बाकी काही खाल्लं आणि न्सिमा नसली, तर ते जेवण धरत नाहीत. त्यांच्या चिचेवा भाषेत म्हण आहे, 'चिमांगा न्दी मोयो'. मका म्हणजे जीव.

आणि हा जीव दरवर्षी टांगणीला लागतो. एप्रिल-मे मध्ये मका निघतो. डिसेंबर-जानेवारी आला की गरिबाघरची कणगी रिकामी होते. शेतात मका हिरवागार उभा असतो आणि घरात खायला दाणा नसतो. नेमकं खुरपणीचं, खत द्यायचं काम त्याच दिवसांत असतं. पण पोटाला नाही म्हणून माणूस स्वतःचं रान सोडून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो. स्वतःचं तणात जातं. म्हणजे पुढच्या वर्षीची उपासमार आदल्या वर्षीच पेरली जाते. ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावी लागणार नाही.

२००१ मध्ये तिथं पीक कमी आलं. सरकारी गोदामात राखीव मका होता, पण देणगीदारांचा सल्ला होता की एवढा साठा सांभाळणं परवडत नाही, कमी करा. सरकारनं जवळजवळ सगळाच विकला. त्या विक्रीत भ्रष्टाचाराचे आरोप झाले. २००२ च्या सुरुवातीला भाव असे चढले की लोकांनी कोवळी कणसं खाल्ली, मक्याचा कोंडा खाल्ला. भुकेनं किती माणसं गेली याचे अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत आहेत. मेलेल्यांची नीट मोजणीही झाली नाही, यावरून काय ते समजा.

आता कोणीही म्हणेल, सुधारित बियाणं द्या, खत द्या, उत्पादन वाढवा, प्रश्न मिटला. शेतीची बातमी करताना आपणही असंच लिहितो. 'शास्त्रज्ञांनी शोधला नवा वाण, उत्पादन दुप्पट.' मलावीत हे 'द्या' नेमकं कसं कसं झालं ते बघा.

जवळच्या झिंबाब्वेत, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, १९६० मध्येच एसआर-५२ हा गाजलेला संकरित मका आला. मलावीतही कृषी खातं पुढची कित्येक वर्षं संकरित मका लावा म्हणून सांगत राहिलं. लहान शेतकरी लावेना. खात्याच्या मते शेतकरी अडाणी, जुन्याला चिकटलेला.

खरं कारण उखळात होतं. तिथल्या बाया मका उखळात कांडतात, कोंडा वेगळा करतात, मग भिजवून पुन्हा कांडून पांढरं पीठ काढतात. त्यासाठी दाणा कडक लागतो. संकरित वाणांचा दाणा मऊ होता, डोक्यावर खळगा पडणारा. उखळात घातला की कोंड्याबरोबर दाणाही फुटायचा, आणि पीठ कमी हाती लागायचं. शिवाय मऊ दाण्याला साठवणीत सोंडे लवकर लागायचे. म्हणजे शेतात उत्पादन जास्त आणि कणगीतून ताटापर्यंत येताना त्यातलं बरंच गेलेलं. गिरणीवाल्याला आणि मोठ्या जमीनदाराला तो वाण चालायचा. कांडणाऱ्या बाईला चालत नव्हता. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी तिथल्याच शास्त्रज्ञांनी कडक दाण्याचे संकरित वाण काढले. एमएच-१७ आणि एमएच-१८, साल १९९०. त्यानंतर लहान शेतकऱ्यांनी संकरित मका घ्यायला सुरुवात केली. एसआर-५२ नंतर तीस वर्षं गेली.

माझी आई अजूनही हायब्रीड ज्वारीच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो तर तिच्या पिढीच्या तोंडातून गेलीच नाही. हायब्रीड ज्वारी आली, उत्पादन वाढलं, लाखो लोक जगले, हे खरंच आहे. पण भाकरीसाठी लोक फिरून मालदांडीकडेच आले. मलावीत मदतीच्या पिवळ्या मक्याबद्दल हेच होतं. पिवळा मका म्हणजे दुष्काळ, पिवळा मका म्हणजे जनावराचं खाद्य. पोटात भूक असतानाही जिभेला आठवण असते. वाण काढणाऱ्यानं ती हिशोबात धरली नाही तर वाण गोदामातच राहतो.

बियाण्याची दुसरी अडचण गव्हात जास्त दिसते, त्यासाठी जरा उत्तरेला इथिओपियात जाऊ. सहाराच्या खालच्या आफ्रिकेत सगळ्यात जास्त गहू तिथं पिकतो, आणि पिकवणारे बहुतेक हेक्टर-दोन हेक्टरवाले. २०१० मध्ये तिथं पिवळा तांबेरा आला. कुब्सा आणि गलामा हे दोन वाण घरोघरी होते, दोन्ही बसले. मग सगळ्यांनी डिगेलू लावला, कारण पिवळा तांबेरा त्याला लागत नव्हता. सरकारनंही जोर लावला. तीन वर्षं बरी गेली. २०१३ च्या अखेरीस बाले आणि आर्सी भागात खोडावरचा काळा तांबेरा आला, नव्याच जातीचा, आणि त्यानं नेमका डिगेलूच धरला. कापणीच्या तोंडावर आलेली शेतं गेली.

डिगेलू काही वाईट वाण नव्हता. रोग बदलत राहतो, त्याच्या मागं बियाणंही बदलत राहावं लागतं. कुब्सा ज्या मूळ ओळीतून आला तिचं नाव अटिला, मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेचं काम. पंजाबात घराघरांत पोचलेला पीबीडब्ल्यू ३४३ गहू त्याच अटिलाच्या घराण्यातला, आणि तोही पुढं पिवळ्या तांबेऱ्यापुढं टिकला नाही. आणि आपण कशाला लांब जायचं? मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. पोंग्यात विष्ठेचा भुसा दिसायला लागला तेव्हा आपले लोक विचारत होते की ही कुठली नवी अळी. मलावीतला शेतकरी तोवर तिच्याशी हंगाम-दोन हंगाम झुंजून बसला होता. तिथं काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं तर? असो.

आता खताकडं या. २००५ मध्ये मलावीत पुन्हा पीक बुडालं. देशभरात जेमतेम १२ लाख टन मका झाला आणि ५० लाखांच्या आसपास लोकांना अन्नाची मदत लागणार होती. बिंगु वा मुथारिका तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी ठरवलं की शेतकऱ्याला कुपनावर स्वस्त खत आणि बियाणं द्यायचं. देणगीदार देश सुरुवातीला विरोधात होते. अनुदानानं बाजार बिघडतो, हे त्यांचं नेहमीचं. मुथारिकांनी आपल्या खजिन्यातून योजना चालू केली. साधारण निम्म्या शेतकरी कुटुंबांना दोन पोती खताची कुपनं, एक पेरणीच्या खताचं आणि एक युरियाचं, बरोबर थोडं बियाणं. पहिल्या वर्षी शेतकऱ्याला बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पैसे पडले, पुढं त्याहून कमी.

२००६ मध्ये सरकारी आकडा आला २६ लाख टनांचा. २००७ मध्ये ३२ लाखांच्या वर. जगभर कौतुक झालं. तज्ज्ञांचं न ऐकता भूक हटवणारा देश म्हणून मोठमोठ्या पेपरांत लेख आले. मलावीनं झिंबाब्वेला मका विकला.

ही योजना मला मनापासून पटते, आधीच सांगतो. आपल्याकडे युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, कारण उरलेले पैसे सरकार भरतं. मलावीला बंदर नाही. तिथलं खत मोझांबिकच्या बैरा-नकाला बंदरातून नाहीतर टांझानियाच्या दार-एस-सलाममधून ट्रकनं येतं. वाहतुकीनंच त्याचं सोनं होतं. २००६ मध्ये आफ्रिकेतले देश अबुजाला जमले तेव्हा सहाराखालच्या आफ्रिकेत हेक्टरी सरासरी आठ किलोच्या आसपास खत पडत होतं. २०१५ पर्यंत ते ५० किलो करू असं ठरलं, आणि ते काही झालं नाही. आपण युरियाचा मारा करून जमिनी खराब केल्या म्हणून 'खत वाईट' असं तिकडं जाऊन सांगणं म्हणजे भरल्या पोटी उपास शिकवणं. त्या जमिनीला खत लागतंच.

पण पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे.

पहिलं, कुपनं. यादी गावपातळीवर ठरायची, त्यामुळं कोणाचं नाव यादीत आणि कोणाचं बाहेर यावरून भांडणं, कुपनांचा काळाबाजार, खरी गरजू विधवा बाई बाहेर. वाचताना मला ते परकं वाटलं नाही. हंगामात युरियाची गोणी पाहिजे तर सोबत हे द्रावण घ्याच, असं लिंकिंग आपल्याकडं होतं की नाही? मी त्याची बातमी किती वेळा केली आणि नंतर काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं, आकडे. कागदावर मका उतू चालला होता, आणि २००८ मध्ये देशातल्याच बाजारात मक्याचा भाव भडकला. मका इतका जास्त होता तर भाव का चढला? पुढं अभ्यासकांनी उत्पादनाच्या सरकारी आकड्यांवरच शंका घेतली. शेतीची बातमी करणाऱ्या आमच्या लोकांना यातून शिकण्यासारखं आहे. खात्याचा आकडा आला की बाजारात जाऊन भाव विचारायचा. भाव सहसा खोटं बोलत नाही.

तिसरं, पैसा. काही वर्षं शेती खात्याच्या बजेटचा निम्म्याहून जास्त वाटा या एकाच योजनेत गेला. मग बांधबंदिस्ती, सिंचन, संशोधन, शेतावर जाऊन सांगणारा माणूस, यांना काय उरणार? तिथं एकेका कृषी सहायकामागं हजारो कुटुंबं आहेत.

आणि चौथं, पाऊस आणि माती. पहिल्या वर्षांत पाऊसही चांगला झाला होता, हे कौतुकात कोणी फार सांगितलं नाही. २०१५ च्या जानेवारीत पूर आले, पुढच्या हंगामात एल निनोचा दुष्काळ, आणि २०१६ मध्ये ६५ लाख लोकांना मदतीची गरज पडली. २०२३ ला फ्रेडी चक्रीवादळ, २०२४ ला पुन्हा दुष्काळ. दोन पोती खत तीच, पण मातीत सेंद्रिय काहीच उरलेलं नसेल तर टाकलेला युरिया पिकापेक्षा पाण्यालाच जास्त जातो. मक्यावर मका, मक्यावर मका, दरवर्षी त्याच रानात. आज इतक्या वर्षांच्या अनुदानानंतरही तिथली सरासरी हेक्टरी दोन टनांच्या आसपास घुटमळते, म्हणजे एकरी आठ क्विंटल.

मग यावर उपाय काय? इथं आपली तूर येते.

दक्षिण मलावीत शेतकरी मक्यात तूर घेतात. तिला ते नंदोलो म्हणतात. दोन्ही एकदमच पेरतात. तूर सुरुवातीला हळू वाढते, मक्याला त्रास देत नाही. एप्रिल-मे मध्ये मका काढला की तूर जमिनीतल्या ओलीवर वर येते आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये निघते. तिचा पाला गळून त्याच रानात पडतो, मुळं हवेतलं नत्र धरतात. पुढच्या मक्याला ते फुकटचं खत. तुराट्या चुलीला होतात, तेवढंच बाईचं जळणासाठी फिरणं वाचतं. आपल्या आजोबांना हे कोणी विद्यापीठातून येऊन सांगितलं नव्हतं. मलावीतही जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. इक्रिसॅट आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यावर काम करून वाण सुधारले, तूर आणि भुईमूग एकत्र घेऊन दुसऱ्या वर्षी मका घ्यायची पद्धत बसवली. अडचणी आहेतच. जिथं मका काढल्यावर शेळ्या-गुरं मोकळी सोडतात तिथं तूर टिकत नाही. पण लहान शेतकऱ्याला परवडेल असं जमिनीचं औषध बघायला गेलं तर हेच आहे.

अट एकच. तूर विकली गेली पाहिजे. नुसतं जमीन सुधारते म्हणून कोणी पीक घेत नाही, ना तिथं ना इथं. आणि मलावीची तूर घेणारा मोठा गिऱ्हाईक जगात एकच आहे. आपण.

आता जरा मागं जा. २०१५ मध्ये आपल्याकडं तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. सगळीकडं ओरड झाली. २०१६ मध्ये सरकारनं मोझांबिकशी करार केला, पाच वर्षांत वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तूर घेण्याचा. आजूबाजूच्या देशांतही बातमी पोचली की भारताला तूर पाहिजे, लोकांनी लावली. इकडं आपल्यालाही सांगितलं, तूर लावा. आपणही लावली. पाऊस चांगला झाला, विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, आणि मोंढ्यात त्याच्या खूप खाली. २०१७ ची खरेदी केंद्रं आठवतात ना? बारदाना नाही, चाळणी नाही, टोकन घेऊन ट्रॅक्टरखाली झोपलेली माणसं. मी त्या रांगांचे फोटो काढत महिनाभर फिरलो. बारा-बारा दिवस लोक पोत्यांवर बसून होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या दृष्टीनं ठीकच होतं, उशिरा का होईना. पण ऑगस्ट म्हणजे मलावीत तूर निघायचा महिना. माल खळ्यावर आणि गिऱ्हाईकानं दार लावलेलं. तिथं भाव कोसळला. ज्यांनी मक्यात तूर लावा म्हणून ऐकलं होतं, त्यांनाच फटका बसला. त्यांच्याकडं तर हमीभावाची रांगही नव्हती.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच पिकात, एकाच धोरणानं दोन्हीकडचे अडीच एकरवाले मारले गेले. इकडचा करार आणि आवाहनानं, तिकडचा बंदीनं.

२०२१ मध्ये पुन्हा आयात खुली झाली, मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा पाच वर्षांचा करार झाला. आपल्याकडं वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास तूर होते, त्यात हा आकडा दीड टक्क्याच्या आसपास. मोझांबिक, टांझानिया, म्यानमार सगळं धरलं तर आयात बरीच मोठी होते आणि आपल्या भावावर दाब येतो, हे मी नाकारत नाही. मागं एकदा मोंढ्यात एक तात्या मला म्हणाले, "आफ्रिकेची तूर आली की आमची मेली, लिहा तुमच्या पेपरात." मी लिहिलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. फक्त आफ्रिकेतही एक तात्या आहे, आणि दिल्लीत कागद हलला की तोही मरतो, हे त्या बातमीत मावलं नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आयात कायमची बंद करा असं मी म्हणणार नाही. डाळ कमी पडते हे खरं आहे, आणि गरिबाच्या ताटातही वरण पाहिजे. सगळी खुली करा असंही म्हणणार नाही. माझं मागणं साधं आहे. यंदा किती तूर बाहेरून येणार, कोणत्या महिन्यांत येणार, कोणत्या भावाच्या खाली आयात थांबणार, हे मे महिन्यात, आपली पेरणी व्हायच्या आधी जाहीर करा. आणि मग वर्षभर त्याला हात लावू नका. मलावीत पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरला, त्यांनाही तेवढ्यात कळेल. ज्याला भाव माहीत नाही त्यानं निदान नियम तरी माहीत असताना पेरावं.

'आफ्रिकेतली शेती सुधारा' म्हणून परिषदा होतात, जाहीरनामे निघतात. निघू देत. पण मलावीत मका वाढायचा असेल तर कांडणाऱ्या बाईला विचारून काढलेला वाण लागेल, रोग बदलला की बदलणारं बियाणं लागेल, खत वेळेवर लागेल, मातीत पाला पडावा लागेल आणि तो पाला देणारी तूर विकत घेणारा, उद्या शब्द न फिरवणारा गिऱ्हाईक लागेल. शेवटचं काम आपल्या देशाच्या हातात आहे, आणि त्यात आपला स्वतःचाही फायदा आहे.

आपल्या खासदारांना हा एकच प्रश्न विचारा: तुरीच्या आयातीचं धोरण पेरणीच्या आधी का जाहीर होत नाही? उत्तर मिळालं तर मला कळवा, मी नावासकट छापतो. आणि २०१७ च्या रांगेत जे जे होते, त्यांनी खाली आपला अनुभव लिहा. तुरीला शेवटी काय भाव मिळाला, आणि किती दिवसांनी पैसे आले, तेवढं जरूर लिहा.